बॅटमनमधलं खरं कुठलं आणि प्रक्षिप्त कुठलं?

“बॅटमनचे कॉमिक्स गोळा करायला सुरुवात करायचीय, पण त्यातले कॅनन, म्हणजे अधिकृत कथाक्रमातले, कुठले धरायचे?” असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एक यादी हवी असते. यादी देता येते, पण ती फार दिवस टिकत नाही. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना शेकडो हस्तलिखितं ताडून प्रक्षिप्त श्लोक बाजूला काढले. तिथे निदान व्यास मध्येच उठून पाठ बदलत नव्हते. इथे बॅटमनची प्रकाशक कंपनी डीसी नेमकं तेच करत आली आहे.

१९८५-८६ मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या कथामालिकेच्या १२ अंकांत सगळी समांतर विश्वं गुंडाळून एक केली. मग १९९४ मध्ये ‘झीरो अवर’, २००५-०६ मध्ये ‘इन्फिनिट क्रायसिस’, २०११ मध्ये ‘फ्लॅशपॉइंट’. दर वेळी पाटी थोडी पुसली, थोडी तशीच ठेवली. बॅटमनच्या आईवडिलांच्या खुन्याचं, म्हणजे ‘जो चिल’चंच बघा. १९८७ च्या ‘इयर टू’मध्ये (‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ ५७५ ते ५७८) बॅटमन चक्क त्याला बरोबर घेऊन काम करतो. ‘झीरो अवर’नंतर ठरलं की खुनी कोण हे बॅटमनला कधी कळलंच नाही, म्हणजे ‘इयर टू’ बाद. ‘इन्फिनिट क्रायसिस’नंतर चिल परत आला आणि खुनाच्या रात्रीच पकडला गेला असं ठरलं. खुनी परतला, ‘इयर टू’ मात्र बाहेरच राहिलं.

म्हणून कंपनी काय जाहीर करते यापेक्षा एक साधी कसोटी जास्त कामाची: पुढच्या अंकांना ती गोष्ट आठवते का?

‘द किलिंग जोक’ (१९८८) हे एकच सुटं पुस्तक. त्यात जोकर बार्बरा गॉर्डनला, म्हणजे एकेकाळच्या बॅटगर्लला, गोळी घालतो आणि तिचे पाय कायमचे जातात. ते कुठल्याही मासिक मालिकेचा भाग नव्हतं, सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. पण १९८९ मध्ये ‘सुइसाइड स्क्वाड’च्या २३ व्या अंकात ‘ऑरेकल’ अवतरली, ती हीच बार्बरा असल्याचं पुढे उघड झालं आणि गोळी पक्की झाली. २०११ मध्ये तिला पुन्हा चालती केली, तेव्हाही गोळी पुसली नाही. उलट ज्यात बॅटमनला मुलगा होतो ते ‘सन ऑफ द डीमन’ (१९८७) जवळपास दोन दशकं धूळ खात पडलं होतं. २००६ मध्ये ‘बॅटमन’ ६५५ मध्ये डेमियन नावाचा त्याचा मुलगा दारात उभा राहिला आणि ते पुस्तक मागच्या दाराने आत आलं, तेही तपशील बदलून.

आता खरेदी. सगळा बॅटमन एकदम कपाटात आणायला जाऊ नका, एक कालखंड धरा. आमचं मत विचाराल तर १९८७ ते २०११. सुरुवात ‘इयर वन’ने, म्हणजे ‘बॅटमन’ ४०४ ते ४०७. मग ‘द लाँग हॅलोवीन’ (१३ अंक), ‘किलिंग जोक’, ‘अ डेथ इन द फॅमिली’ (४२६ ते ४२९), ‘नाइटफॉल’, ‘हश’ (६०८ ते ६१९). २०११ नंतरचं घ्यायचं असेल तर ‘कोर्ट ऑफ आउल्स’पासून. तिथे उगमकथा म्हणून ‘इयर वन’ चालत नाही, ‘झीरो इयर’ लागते: २०११ च्या ‘बॅटमन’चे अंक २१ ते २७ आणि २९ ते ३३. मधला २८ वा अंक दुसऱ्याच मालिकेची झलक आहे. सुटे अंक घेणारे तो हमखास या कथेतला समजून घेतात.

दोन कालखंड मिसळले की गणित फसतं. २०११ मध्ये डीसीने ठरवलं की सुपरहिरो उजेडात येऊन जेमतेम पाच वर्षं झाली. पण बॅटमनचे चारही रॉबिन, म्हणजे एकामागून एक आलेले पोरगेले साथीदार, ठेवले, आणि त्यातला चौथा त्याचा दहा वर्षांचा मुलगा! जुने खंड शेजारी ठेवून याची संगती लावत बसू नका, लागत नाही.

अंकावरच्या आकड्यावरही विसंबू नका. ‘बॅटमन’चा पहिला अंक १९४० चा आहे, २०११ चा आहे आणि २०१६ चाही आहे. ‘डिटेक्टिव्ह’ २०११ मध्ये ८८१ वर थांबलं, नव्याने १ पासून ५२ पर्यंत गेलं, आणि २०१६ मध्ये एकदम ९३४. (८८१ अधिक ५२, पुढचा अंक. बेरीज बरोबर आहे.) ट्रेड पेपरबॅक (अनेक अंक एकत्र बांधलेलं पुस्तक) घेताना मुखपृष्ठ सोडा, कॉपीराइटचं पान उघडा. आतले अंक मूळ कुठल्या मालिकेतले, कुठल्या साली आले, हे तिथे बारीक अक्षरात असतं. ‘एल्सवर्ल्ड्स’ असा शिक्का दिसला तर गोष्ट मुख्य कथाक्रमाबाहेरची. ‘ब्लॅक लेबल’चा (डीसीच्या प्रौढ वाचकांसाठीच्या पुस्तकांचा) शिक्का मात्र काहीच सिद्ध करत नाही, जुन्या कथांच्या नव्या आवृत्त्यांवरही तो मारलेला असतो.

राहता राहिला दुसरा रॉबिन, जेसन टॉड. ‘अ डेथ इन द फॅमिली’त त्याला मारायचं की नाही यावर वाचकांनी फोनवरून मतं दिली: मारा ५,३४३, जगवा ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला. तो परत येतो ‘अंडर द हूड’मध्ये, ‘बॅटमन’ ६३५ ते ६४१ आणि ६४५ ते ६५०; मधले तीन अंक या कथेचे नाहीत. कसा परत आला हे या अंकांत शोधू नका, त्यासाठी २५ वा वार्षिक अंक लागतो. कारण असं, की दुसऱ्या विश्वातल्या एका सुपरबॉयने रागाने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले. हेही कॅनन आहे.