विसार पावती

२८ मे २०२५, बुधवार. सकाळी आठ वाजायच्या आत माझ्या फोनवर एकोणीस मिस्ड कॉल होते. आदल्या दिवशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जगभरच्या आपल्या वकिलातींना कळवलं होतं की विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं थांबवा. ज्यांच्या तारखा आधीच ठरल्या होत्या त्यांना धक्का नव्हता. बाकीच्यांनी पुढचा आदेश येईपर्यंत थांबायचं होतं, आणि तो कधी येईल हे कुणीच सांगत नव्हतं.

मी नाशिकला कॉलेज रोडवर परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन करते. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि फाइलींचं कपाट. मे अखेर ही आमची सुगी. मुलांच्या हातात प्रवेशपत्रं असतात, कर्जं मंजूर झालेली असतात, आणि रात्र रात्र जागून मुंबईची तारीख मिळते का ते बघणं चालू असतं. त्या सकाळी एकेकाला फोन करून मी एवढंच सांगत होते की घाबरू नका, आणि आज कुठेही पैसे भरू नका.

दहाच्या सुमाराला निफाड तालुक्यातले बापलेक आले. बाहेर पाऊस कोसळत होता. मान्सून सोमवारीच मुंबईत पोचला होता, आणि त्याआधीही अवकाळीने महिनाभर पाठ सोडली नव्हती. उन्हाळ कांदा काढून शेतातच झाकून ठेवलेला, त्याच्याखाली पाणी गेलं होतं. अण्णांनी चपला दाराबाहेर काढल्या, मी नको म्हणत असताना काढल्या, आणि खताच्या दुकानात मिळते तसली जाड प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. तिच्यातून त्यांनी एकेक कागद काढला. मुलीचा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा कागद. फायनान्स कंपनीचं कर्ज मंजुरीचं पत्र. सातबारा. आणि पाचशे रुपयांचा कोरा स्टॅम्प पेपर.

तो स्टॅम्प पेपर कशासाठी ते मला कळेना. विचारलं तर म्हणाले, "विसार पावतीला. आज पाचला पिंपळगावला वकिलाकडे बसायचंय. एक एकर देतोय. शेजारच्याच गटातला माणूस आहे."

मुलीने आय-२० वरचा पहिल्या वर्षाचा आकडा पेनाने अधोरेखित केला होता. शिक्षण आणि राहणं धरून चव्वेचाळीस हजार डॉलर, त्या दिवसाच्या दराने साडेसदतीस लाखांच्या घरात. पंचवीस लाखांचं विनातारण कर्ज तेरा टक्क्यांच्या आसपास व्याजाने मिळालं होतं. राष्ट्रीयीकृत बँकेने शेतजमीन तारण घ्यायला नकार दिला होता, आणि शैक्षणिक कर्जाला सहसा कुठलीच बँक ती घेत नाही, कारण बँकांना थकलेलं कर्ज तारणातून वसूल करू देणाऱ्या सर्फेसी कायद्याखाली शेतजमिनीवर वसुली करता येत नाही. घराचा उतारा चार भावांत सामाईक. राहिला तो एक एकर.

विसार म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगावं लागत नाही. व्यवहार पक्का करायचे आगाऊ पैसे हातात घेतले की शब्द गेला.

अण्णांना रात्रीच्या बातमीची कल्पना नव्हती. मुलीला होती. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी आता काय बोलते त्यावर सगळं ठरणार आहे. मी सरळ सांगून टाकलं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टीव्हीवर त्या हार्वर्डचं दाखवत होते. तिथली बाहेरच्या देशातली पोरं काढणार म्हणून." बातमी आठवड्यापूर्वीची. हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच २२ मे रोजी सरकारने काढून घेतला होता, आणि दुसऱ्याच दिवशी कोर्टाने त्याला स्थगिती दिली होती. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना कोर्टात जाता येतं. आपल्याला कोण विचारतंय? मॅडम, मला एकच सांगा. व्हिसा नाही मिळाला तर पैसे परत येतात का?"

बारा वर्षं मी हे काम करते. रँकिंग, स्कॉलरशिप, नोकरी, पार्टटाइम काम, हवामान, जेवण, सगळ्यांवर प्रश्न येतात. हा प्रश्न इतका नेमका मला कुणी विचारला नव्हता. आणि एकदा कुणीतरी विचारायला हवा होता.

सिन्नरचा एक मुलगा होता. तेव्हा मी दुसऱ्या एका ऑफिसात नोकरी करत होते. कॅनडातल्या एका खासगी कॉलेजात त्याचा प्रवेश आम्ही केला. ते कॉलेज सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम परवान्यावर शिकवणारं. त्याचं नाव आमच्या यादीत वर का होतं, तर तिथून मिळणारं कमिशन जास्त होतं. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि अशा कॉलेजांतून शिकणाऱ्यांना पुढे मिळणारा वर्क परमिट बंद करत असल्याचं जाहीर केलं. मुलाची पहिल्या वर्षाची फी भरून झाली होती. कापून कापून जे परत आलं ते घ्यायला त्याचे वडील आले, खुर्चीत बसले आणि अर्धा तास काही न बोलता उठून गेले. त्या वर्षी मी ती नोकरी सोडली.

म्हणून अण्णांना मी थांबा म्हटलं आणि एक कोरा कागद घेतला. मध्ये रेघ मारली. एका बाजूला परत येणारे पैसे, दुसऱ्या बाजूला न येणारे. अमेरिकेची परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची, म्हणजे सेव्हिस फी ३५० डॉलर आणि व्हिसाची १८५ डॉलर, दोन्ही मागच्याच आठवड्यात भरलेली. ती गेली. कर्जाची प्रोसेसिंग फी गेली. विद्यापीठाची फी अजून भरलेली नव्हती, ते बरं होतं. मुलीकडे ब्रिटनच्या एका विद्यापीठाचंही पत्र होतं. त्यांच्या अनामत रकमेच्या अटी मी ओळ न् ओळ वाचून दाखवल्या. व्हिसा नाकारला तर रक्कम परत, पण नकाराचं कारण चुकीचे कागद असेल तर नाही, आणि मुलीने स्वतःहून जायचं रद्द केलं तर नाही. अण्णा इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत होते आणि मी मराठीत सांगत होते. शिवाय ब्रिटनच्या सरकारने दोनच आठवड्यांपूर्वी, १२ मे रोजी, जाहीर केलं होतं की शिक्षणानंतर काम करायला मिळणारी दोन वर्षं दीड वर्षावर आणणार. तिथे राहण्याखाण्याची रक्कम खात्यात सलग २८ दिवस दिसावी लागते. म्हणजे तोही एकर विकूनच.

मग मी मुलीकडे वळले. वकिलातीत विचारतात तसंच विचारलं, हेच विद्यापीठ का? तिने पाठ केलेलं उत्तर दिलं. नामांकित प्राध्यापक, उत्तम प्रयोगशाळा, उद्योगांशी संबंध. मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीच्या खिडकीपाशी दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि हे उत्तर तिथल्या अधिकाऱ्याने त्या सकाळी चाळीसदा ऐकलेलं असतं. मी म्हटलं, "हे राहू दे. तुझा बीईचा प्रोजेक्ट कशावर होता?"

तिचा चेहराच बदलला. प्रोजेक्ट नांदूरमध्यमेश्वरच्या गाळावर होता. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा तो इंग्रजांच्या काळातला बंधारा, आज महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून पक्षी बघायला लोक येतात. ती त्याच्या फुगवट्याजवळच्या गावात वाढलेली. गाळ साचून साठवण कशी कमी होत गेली, पुराचं पाणी काठच्या शेतांत का चढतं, गाळातूनच ती बेटं आणि पाणथळ कशी तयार झाली ज्यांच्यावर पक्षी येतात, त्यामुळे गाळ नुसता उपसून प्रश्न का सुटत नाही. हाताने टेबलावर नदीचं वळण काढून ती दाखवत होती. अण्णा आपल्या मुलीकडे पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे बघत होते.

आणि माझ्या हातातल्या आय-२० वर विषय होता कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट.

हा विषय तिला मीच सुचवला होता, डिसेंबरमध्ये. प्रवेश लवकर मिळतो, आय-२० पटकन येतो, विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या 'स्टेम' यादीत असल्याने शिक्षणानंतर एक अधिक दोन अशी तीन वर्षं काम करता येतं. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण तिला काय शिकायचंय हे मी डिसेंबरमध्ये विचारलं नव्हतं. ते मी त्या दोघांसमोर बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मॅडम, मलाही वाटलं होतं, नोकरी मिळते तेच घ्यावं."

मग दुपारी दोनपर्यंत आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. पाणी आणि गाळ कुठे शिकवतात? हॉलंडमध्ये डेल्फ्टला पाण्याचीच एक संस्था आहे, पण स्कॉलरशिपशिवाय ती आवाक्यात नव्हती. जर्मनीत श्टुटगार्टला जलस्रोतांवरचा मास्टर्स इंग्रजीतून आहे. ते राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग, तिथे आपल्यासारख्यांना दर सेमिस्टरला १५०० युरो फी पडते. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात हायड्रो सायन्स अँड इंजिनिअरिंग इंग्रजीतून आहे. सरकारी विद्यापीठ, तिथे शिकवणीची फी नाही, सेमिस्टरची वर्गणी तेवढी. अशा विद्यापीठांकडून आमच्यासारख्यांना एक पैसा कमिशन मिळत नाही. त्यामुळे शहरातल्या बऱ्याच ऑफिसांच्या यादीत ती नसतात. पालकांनी यादी हातात आली की हे विचारावं, अगदी तोंडावर विचारावं.

जर्मनीचीही बाजू कठीण आहे, तीही सांगितली. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे, म्हणजे पदवीचे कागद आधी दिल्लीला तपासून घ्यायचे. त्याची फी १८,००० रुपये, परत न येणारी. त्यात काही आठवडे जातात, त्यामुळे या वर्षीचा हिवाळी प्रवेश हातातून गेल्यातच जमा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी नोकरीला जर्मन लागतं, आणि ते सहा महिन्यांत येत नाही. खोली मिळणं अवघड. आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, आधीच ठेवावे लागतात, तेव्हाच्या दराने साडेअकरा लाख.

"ते कुणाचे?" अण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, "तिचेच. तिच्याच नावावर. तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो तिच्या हातात येतात. व्हिसा नाकारला तर नकाराचं पत्र दाखवून खातं मोकळं होतं. खातं उघडण्याचा खर्च वजा जाता पैसे परत."

अण्णांनी माझ्यापुढचा कागद ओढून घेतला आणि परत येणाऱ्यांच्या रकान्यात स्वतःच्या हाताने साडेअकरा लिहिलं. पेन इतकं दाबून की मागे उमटलं.

मुलगी मात्र रडायला लागली. वर्ष जाईल, बरोबरच्या सगळ्या जातील. आणि मग जे खरं होतं ते बोलली, "गावात फ्लेक्स लागलाय." फाट्यावर तिचा फोटो, खाली अमेरिकेला जाणारी गावची पहिली कन्या, आणि अभिनंदन करणाऱ्या वीस जणांचे फोटो. पेढे वाटून झाले होते. मी याच्यावर काय बोलणार? चहा मागवला. अण्णा खिडकीतून पाऊस बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "फ्लेक्स काय, पावसात दोन महिन्यांत फाटंल. एकर परत येत नाही."

साडेतीनला त्यांनी माझ्यासमोर त्या शेजाऱ्याला फोन लावला. "आज नको. पोरीचं लांबलंय." पलीकडचा माणूस चिडला असावा, कारण अण्णा तीनदा तेच वाक्य शांतपणे बोलले. मग स्टॅम्प पेपर घडी न घालता तसाच पिशवीत ठेवला. असा कागद सहा महिने चालतो, असं मला सांगितलं. निघताना मी त्यांना म्हटलं की निर्णय आजच घ्यायचा नाही, आठ दिवस घरी बोला. मुलीला म्हटलं, अमेरिकाच हवी असेल तर तीही कर, पण मग गाळ शिकवणारं विद्यापीठ शोधून कर.

अमेरिकेने तारखा १८ जूनला पुन्हा सुरू केल्या, सोबत नवी अट घालून. अर्जदारांनी आपली समाजमाध्यमांवरची खाती तपासणीसाठी सर्वांना दिसतील अशी खुली ठेवायची. माझ्याकडच्या तीन विद्यार्थ्यांना जुलैत तारखा मिळाल्या आणि ते गेले, छान शिकताहेत. दोघांना मिळाल्याच नाहीत. सप्टेंबरात अमेरिकेत नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर फी आली, आणि तिथेच शिकून विद्यार्थी व्हिसावरून नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्यांना ती लागू नाही हा खुलासा यायला महिना गेला. तो महिना पालकांनी कसा काढला ते मी फोनवर ऐकलंय.

निफाडची मुलगी नवव्या दिवशी एकटीच आली. एसटीने. तिने स्वतः शोधलेल्या सहा अभ्यासक्रमांचा तक्ता आणला होता, प्रत्येकापुढे गाळावर काम करणाऱ्या प्राध्यापकाचं नाव आणि त्याचा एखादा वाचलेला निबंध. मी काढलेल्यापैकी दोन होते, चार तिचे. पावसाळाभर तिने एका सर्व्हेच्या कामावर नोकरी केली, संध्याकाळी जर्मनचा क्लास. एपीएस आलं. अर्ज गेलेत. निकाल अजून यायचाय.

गेल्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. त्या एकरात रांगडा कांदा लावलाय, बरा आहे म्हणाले. मग मुद्द्यावर आले. "मॅडम, ते बंद खात्याचे पैसे परत येतात म्हणालात. ते लेखी कुठंय?"

मी त्यांना नियमाचं पान पाठवलं. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "हे इंग्रजीत आहे."

त्या संध्याकाळी ऑफिस बंद केल्यावर बसून मी तो सगळा मजकूर मराठीत हाताने लिहून काढला, खर्च किती कापतात तेही, आणि त्याचा फोटो त्यांना पाठवला.