तुम्ही विचारलंत म्हणून: पुराची गोष्ट आधी कोणाची?

व्याख्यान संपलं की पहिला हात याच प्रश्नासाठी वर होतो. मनू आणि मासा, नोहा आणि त्याचं तारू, बाबिलोनचा उत्नपिश्तिम, ग्रीकांचा ड्यूकॅलियन. यांतली मूळ गोष्ट कोणाची आणि उचलली कोणी? दुसरा हात असतो "म्हणजे जगभर खरंच पूर आला होता ना?" यासाठी. इतकी वर्षं उत्तरं देऊनही "बाई टाळतात" हे कानावर येतंच. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

लिखित पुरावा हवा असेल तर मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकच्या भागातला, सर्वांत जुना. पुरातून वाचलेल्या अत्रहासिसची कथा कोरलेल्या मातीच्या पाट्या इ.स.पू. 17 व्या शतकातल्या आहेत. आपल्याकडे ही गोष्ट सविस्तर येते ती शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींच्या वैदिक ग्रंथात, आणि ते त्यानंतर काही शतकांनी रचलं गेलं. ऋग्वेदात मनू आहे, पुराची कथा नाही. पण पाटी जुनी म्हणून गोष्टही तिथेच जन्मली, असं ठरत नाही. मातीची पाटी जमिनीखाली टिकते, तोंडी सांगितलेली गोष्ट खूण ठेवत नाही. माझ्या मते ही दोन्ही विधानं सारखीच खरी आहेत, आणि एक ऐकून दुसरं सोडून द्यायला माझी हरकत आहे.

जगबुडीचं म्हणाल तर 1929 साली मेसोपोटेमियातल्या उर इथे उत्खनन करणाऱ्या लिओनार्ड वूली यांना जाड गाळाचा थर सापडला आणि नोहाचा पूर सापडल्याची बातमी झाली. पुढे शुरुप्पाकलाही थर मिळाला, पण तो वेगळ्या काळातला. उरच्या अगदी जवळच्या एरिडूत तसा थरच नाही. नद्यांना पूर आले, मोठे आले, पुन्हा पुन्हा आले. सगळं जग एकदम बुडाल्याचा पुरावा यातून निघत नाही.

सुरुवातीला मी वेगळं उत्तर द्यायचे. माणूस सगळीकडे सारखा, त्याची भीती सारखी, म्हणून गोष्टही सारखी. टाळ्या पडायच्या. आज ते उत्तर मला पुरत नाही. इजिप्तमध्ये नाईलचा पूर म्हणजे सुगी. तिथे माणसांचा संहार करायला देवी येते आणि तांबडं केलेलं मद्य शेतांत ओतून तिला थांबवतात. चीनच्या यूच्या कथेत कोणी नावेत बसून निसटत नाही. यू 13 वर्षं पाट खणून पाणी समुद्राकडे काढून देतो, स्वतःच्या दारावरून जातो पण आत पाऊल टाकत नाही. (कृष्णाकाठी ही गोष्ट सांगितली की आलमट्टी धरणाचा विषय निघतोच.) सारखेपणा एवढाच आहे की पाणी वाढतं. पण तेव्हाची मीही गप्प बसत नाही. ती विचारते, नोहा आणि उत्नपिश्तिम दोघंही जमीन शोधायला पक्षी सोडतात, तो काय योगायोग? नाही, तो योगायोग नाही. तिथे गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे गेली आहे. मग मनूपर्यंत का गेली नसेल? इथे आमचं भांडण थांबतं, मिटत नाही.

आता त्या दुपारबद्दल, जिच्यामुळे माझं टाळणं सुरू झालं असं म्हणतात.

2019 च्या पुरानंतरचा हिवाळा. कृष्णाकाठच्या एका गावातल्या शाळेनं बोलावलं होतं. वर्गाच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. मी पुराची गोष्ट सांगणार नव्हते, मुलांनीच मागितली. शतपथातली सांगितली, कारण ती साधी आहे. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत इवलासा मासा येतो. मला सांभाळ, मी तुला तारीन, म्हणतो. मनू त्याला घागरीत ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो. हा मासा विष्णू नाही, ते पुढच्या ग्रंथांत झालं. पूर येतो, माशाच्या शिंगाला दोर बांधून नाव उत्तरेच्या डोंगराकडे जाते. सगळी प्रजा वाहून जाते, मनू एकटा उरतो. मग तो पाण्यात तूप-दह्याची आहुती देतो आणि वर्षभरानं त्यातून इडा ही स्त्री प्रकट होते.

मागे गावातल्या बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एका आजींनी विचारलं, "जनावरं घेतली न्हाईत म्हणता. मग तूप-दही कुठनं आणलं वो त्यानं?"

मुलं हसली. आजी हसल्या नाहीत. "आमच्याकडं बोट आली तवा माणसं तेवढी घेतली," त्या म्हणाल्या. "दावी तोडायलासुदीक येळ नव्हता. दोन म्हशी. एक गाभण."

ती यज्ञाचं महत्त्व सांगणारी गोष्ट आहे, तूप कुठून आलं हा प्रश्न तिला पडत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या बाईंसमोर मला ते बोलवेना. मी उत्नपिश्तिमकडे वळले. त्यानं नावेत नातलग घेतले, गुरं घेतली, रानातली जनावरं घेतली, कारागीर घेतले. वादळात इश्तर देवी बाळंतिणीसारखी ओरडते, माझीच लेकरं माशांच्या अंड्यांसारखी समुद्रात भरली म्हणते. पाणी शांत झाल्यावर तो झरोका उघडतो, गालावर ऊन पडतं. बाहेर सगळ्या माणसांची माती झालेली. तो खाली बसतो आणि रडतो.

"त्यो रडला व्हय?"

"हो आजी."

"आन् आपला मनू?"

मनूच्या रडण्याबद्दल एक अक्षर नाही. मी तसंच सांगितलं. त्या थोडं थांबून म्हणाल्या, "रडला असंल. लिवलं नसंल कुनी."

तेवढ्यात एक गृहस्थ उठले. "पण मॅडम, मूळ गोष्ट आपलीच ना?" त्या क्षणी मी उत्तर दिलं नाही. पुढे त्यांनी आयोजकांना लिहिलं की मी परक्यांचा नायक हळवा रंगवते आणि आपला कोरडा. त्या भागातून मला पुन्हा बोलावणं आलं नाही. मी परंपरेला कमी लेखलं नाही, हे इथे स्पष्ट सांगते. ग्रंथात नाही ते मनूच्या तोंडी घालणं, हा त्याचा मान नव्हे.

आणि गोष्ट मूळ कोणाची हा प्रश्न क्षुद्र आहे असंही मी म्हणत नाही. 3 डिसेंबर 1872 ला जॉर्ज स्मिथ या पूर्वी नोटांचे ठसे कोरणाऱ्या माणसानं लंडनमध्ये उत्नपिश्तिमच्या पुराची, निनवेत सापडलेली पाटी वाचून दाखवली, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत होते. आपली पवित्र गोष्ट बाहेरून तर आली नाही ना, ही धास्ती तिथेही होती.

मी मात्र त्या दुपारपासून नावेत कोण कधी चढलं ते पाहत आले. शतपथात मनू एकटा. महाभारताच्या वनपर्वात सप्तर्षी आणि बियाणं येतं. मत्स्यपुराणात नाव सगळ्या जीवांसाठी होते, अंड्यातून जन्मलेल्यांसाठीही. म्हणजे आजींचा प्रश्न सांगणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी विचारत होतं, असं मला मनापासून वाटतं. पण त्या गृहस्थांचा प्रश्न इथेच आडवा येतो. ही जनावरं श्रोत्यांनी मागितली म्हणून आली, की पश्चिमेकडून आलेल्या एखाद्या गोष्टीतून? दोन्ही शक्य आहे. त्यांना मी अजून उत्तर देऊ शकत नाही. तोवर त्यांनी तूप-दह्याचं उत्तर शोधावं, एवढी माझी विनंती आहे.