अभ्यासिकेत झोप का येते?

आमच्या जर्मनीतल्या म्युनिकच्या घराच्या भाडेकरारात खिडक्या उघडण्यावर एक अख्खा परिच्छेद आहे, खरंच सांगतो. रोज दोन-तीनदा पूर्ण उघडायच्या, हिवाळ्यातसुद्धा, आणि नाही उघडल्या नि भिंतीला बुरशी आली तर खर्च तुमच्या माथी. नाशिकला फोनवर सांगितलं तर काकू म्हणाल्या, खिडकी उघडायला कागद लागतो होय रे तिकडे?

मुलीच्या शाळेत पण हेच. बाहेर उणे तापमान, वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या आणि पोरं जॅकेट घालून बसलेली. कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, इथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने शाळांना सांगितलं होतं की दर २० मिनिटांनी खिडक्या उघडा, थंडीत ३ ते ५ मिनिटं पुरे. थंडीत एवढ्यात भागतं कारण आतली गरम हवा हलकी असते, ती खिडकीच्या वरच्या बाजूने सुटते आणि खालून गार हवा आत घुसते, आतबाहेर फरक जितका जास्त तितकं काम पटकन. उन्हाळ्यात हा फरकच नसतो म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी नि दार असं उघडावं लागतं (आणि मग इथले म्हातारे कुरकुरतात की मानेला वारा लागतो, ती वेगळीच गंमत).

वर्गात भिंतीवर एक छोटं यंत्र असतं, कार्बन डायऑक्साइड मोजणारं, हिरवा-पिवळा-लाल दिवा. १००० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) वर गेलं की खिडकीजवळचा पोरगा स्वतःच उठतो, बाई सांगायची वाट बघत नाही. हा हजाराचा आकडा याच शहरातल्या माक्स फॉन पेटेनकोफर नावाच्या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये सांगितला होता. माणूस भारी आणि हट्टी. १८९२ मध्ये कॉलरा नुसत्या जंतूने होत नाही हे दाखवायला त्याने चक्क कॉलऱ्याचे जंतू पिऊन टाकले, वाचला, पण तो वाद हरलाच. हवेचा आकडा मात्र अजून चालतोय. आणि हो, १००० म्हणजे विष नव्हे, बाहेरच्या हवेतच ४२०च्या आसपास असतं. आकडा चढला की समजायचं, खोलीतल्या बाकीच्यांनी सोडलेला श्वास आपण परत आत घेतोय, आणि त्या श्वासातून टीबी, गोवर, फ्लू पण येऊ शकतो.

आता नाशिक. दिवाळीत आलो तेव्हा भाच्याबरोबर त्याच्या अभ्यासिकेत गेलो, एमपीएससीवाली पोरं, बेसमेंट, खुर्चीला खुर्ची चिकटलेली, दार बंद, स्प्लिट एसी चालू आणि सगळ्यांना वाटतंय वा, काय गारेगार. माझ्याकडचं यंत्र ठेवलं तर २८०० दाखवायला लागलं. भाचा म्हणाला, मामा, दुपारी इथे सगळेच पेंगतात, जेवण जास्त झालं वाटायचं. अरे, नुसतं जेवण नाही, ही कोंदलेली हवा पेंग आणते! स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, आतलीच हवा फिरवून गार करतो, पंख्याचंही तेच!

राग कशाचा येतो तर आपल्याकडे हे सगळं होतं. जुन्या नाशकातल्या वाड्यांना मधे चौक, गरम हवा वर जायला वाट. जुन्या दगडी शाळा नि कचेऱ्यांना उंच छत, छताजवळ व्हेंटिलेटर म्हणजे हवेचे झरोके, दोन्ही बाजूला व्हरांडा. त्याच इमारतीत आता फॉल्स सीलिंग येतं, व्हेंटिलेटर त्याच्यावर गडप, आणि जुन्या खिडकीच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग, जी कितीही सरकवा अर्धीच उघडते. पेरूमधल्या लिमा शहरातल्या हॉस्पिटलांचा एक अभ्यास २००७ मध्ये आला होता, दारं-खिडक्या उघड्या असल्या की तासाला साधारण २८ वेळा हवा बदलत होती, यंत्राने हवा सोडलेल्या खोल्यांत १२ वेळा, आणि १९५० आधीचे उंच छताचे वॉर्ड तर नव्यांपेक्षा बरेच पुढे. सरकारी दवाखान्याचं नूतनीकरण करताना हे कुणी वाचतं का देव जाणे.

मला माहितीय तुम्ही काय म्हणणार, धूळ, डास, रिक्षांचे हॉर्न, मे महिना. बरोबरच आहे. म्हणून दिवसभर उघडं ठेवा असं मी म्हणतच नाही. डासांना जाळी लावा, वारा थोडा कमी येईल पण येईल. नाशिकला उन्हाळ्यात पण पहाटे बऱ्यापैकी गार असतं, तेव्हा सगळं उघडून टाका. एसीच्या हॉलला तासातून दहा मिनिटं दार-खिडकी समोरासमोर उघडा. बेसमेंटला खिडकीच नसेल तर बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट लागेल आणि बाहेरून आत यायला वाट पण ठेवावी लागेल, नाहीतर तो नुसताच घरघरतो.

यंत्र घ्यायचं असेल तर एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाशाने थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा) आहे का ते बघून घ्या. फार स्वस्तातली बरीच यंत्रं कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, दुसऱ्याच वायूंवरून अंदाज ठोकतात, शेजारी कुणी सेंट मारला की लाल होतात. भाच्याने मालकाला विचारलं होतं म्हणे, तासाला दार उघडू का, तर ते म्हणाले एसीचं बिल तू भरतोस का. आता पोरं मिळून वर्गणी काढून एक यंत्र आणणार आहेत आणि मालकाच्या टेबलावरच ठेवणार आहेत.