हंडी फुटेपर्यंत

पावसाळ्यात आमच्याकडे रविवारी दुपारी दोनपैकी एक गोष्ट ठरलेली. एक तर वीज जाते, नाहीतर मी ‘द बॉर्न अल्टिमेटम’ हा हॉलिवूडचा सिनेमा लावतो. परवा वीज होती.

आई बाजूला सूप घेऊन आठळ्या सोलत बसली होती. बायकोने पडद्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि आत निघून गेली. तिचंही खरंच आहे. कोण कुणावर गोळी झाडणार, सीआयएच्या ऑफिसातला कोण आतून नायकाच्या, बॉर्नच्या बाजूचा, सगळं पाठ असताना हेरपट पुन्हा पुन्हा काय बघायचा?

तिसऱ्या भागांचा माझा अनुभव एरवी वाईटच. पहिला जीव ओतून केलेला, दुसरा पहिल्याच्या पुण्याईवर तरलेला, आणि तिसरा येईपर्यंत नायकाचं पोट सुटलेलं नि लेखकाची विहीर आटलेली. हा मात्र अपवाद. पहिला भाग २००२चा, दुसरा २००४चा, तिसरा २००७चा. पुढेही बॉर्नच्या नावावर सिनेमे निघाले, पण घरात ते विषय आम्ही काढत नाही.

दुसऱ्याशी तर आपलं नातंच आहे. स्मृती हरवलेला तो बॉर्न आणि त्याची प्रेयसी मरी गोव्यात लपून राहतात. घर काणकोणातल्या पाळोळ्याच्या किनाऱ्यावर, आणि मारेकरी मागे लागल्यावर जीप सुटते ती थेट पणजीच्या गल्ल्यांतून. काणकोणहून पणजीला यायला आम्हाला बसने दोन तास लागतात, हा पठ्ठ्या एका वळणात पोचतो. थिएटरात त्या क्षणी जो हशा पिकला तो फक्त गोव्यातच पिकला असणार. मग पुलावर गोळी येते, मरीला लागते, जीप कठडा तोडून नदीत. हशा जागच्या जागी थिजला. पाण्याखाली तो तिला श्वास द्यायला बघतो, आणि शेवटी सोडून देतो. तो पुढे बर्लिनला गेला, मॉस्कोला गेला. ती राहिली आमच्या नदीत. तीन वर्षं मला ते टोचत होतं.

तिसऱ्यात धावपळ भरपूर, आणि ती उत्तम आहे. त्या वर्षी संकलन, ध्वनिमिश्रण आणि ध्वनिसंपादन अशी तीन ऑस्कर त्याला मिळाली, नामांकनंही तेवढीच होती. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरच्या गर्दीत बॉर्न एका पत्रकाराला फोनवरून पावलापावलाने चालवतो, मध्येच बुटाची नाडी बांधायला लावतो. पत्रकाराचा धीर सुटतो, आणि संपतो बिचारा. पण मी थांबतो तो मोरोक्कोतल्या टँजियरला. गच्च्यांवरून पळताना बॉर्न दोरीवरचे वाळत घातलेले कपडे ओढतो, हातांना गुंडाळतो आणि फुटक्या काचा रोवलेल्या भिंतीवरून पलीकडे जातो. आमच्या जुन्या कंपाउंडावर अशाच काचा होत्या. पेरू चोरणाऱ्या पोरांना ही युक्ती १९८०च्या सुमारासच ठाऊक होती, फक्त कपडे आईचे असत.

त्याच टँजियरमध्ये सीआयए सोडून त्याला साथ देणारी निकी आरशासमोर केस कापते, रंगवते. बॉर्न दारातून बघतो आणि गप्प राहतो. पहिल्या भागात पॅरिसला त्याने मरीचे केस असेच कापले होते. शेवटी गच्चीवर बंदूक रोखलेल्या मारेकऱ्यासमोर तो जे बोलतो, ते पहिल्या भागात फ्रान्समधल्या शेतात मरता मरता एका मारेकऱ्याने त्याला ऐकवलेलं असतं. आणि मग तो दहा मजल्यांवरून नदीत उडी टाकतो. पहिला भाग सुरू झाला तेव्हाही तो समुद्रात असाच निश्चल तरंगत होता.

आईचं माहेर पेडण्याचं. लहानपणी दशावतारी कालो बघायला आम्ही तिच्याबरोबर जायचो. सुरुवातीला संकासूर यायचा तेवढा आठवतो, मग तिच्या मांडीवर झोप. पहाटे ती हलवून उठवायची, “ऊठ रे, हंडी फुटतली.” मधलं सगळं चुकलेलं असायचं. राक्षस कसा मेला, राजाचं काय झालं, पत्ता नाही. पण हंडी फुटून तळहातावर दहीकाला पडला की रात्रभर जागल्यासारखं वाटायचं. नाटक अर्ध्यात सोडून घरी आलोय असं कधी वाटलं नाही.

परवा बॉर्न पाण्यात पडला तेव्हा आईने आठळी तशीच हातात धरली.

“मेलो?”

“थांब.”

टीव्हीवरची बातमी, तीन दिवस शोधूनही मृतदेह सापडलेला नाही. निकीच्या ओठांवर हसू. पाण्यातलं शरीर हललं, आणि तो पोहायला लागला.

“जिवो आसा,” आई म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली. पण समाधान झालेलं दिसेना. पणजी दिसते म्हणून मागे कधीतरी मी तिला दुसरा भाग दाखवला होता. त्यातलं तिला एवढंच आठवतं.

“आनी ती चली? न्हंयेंत पडिल्ली ती? तिच्या घरच्यांक कोणें सांगलें?”

हा सिनेमा इतक्यांदा पाहून मी कधी तसा विचार केला नव्हता. म्हटलं, “सांगितलं की. सुरुवातीलाच तो पॅरिसला जातो, तिच्या भावाकडे. स्वतः सांगतो.”

“हय?”

“हय.”

“मग बरें जालें,” म्हणून ती सूप घेऊन उठली, आणि स्वयंपाकघरात गेल्यावर तिथूनच ओरडली, टीव्ही बंद कर, गडगडतंय.