पायपेटीचा भाता

जत्रांचा हंगाम तोंडावर आल्यामुळे आज वेंगुर्ल्यात आमच्या दशावतारी मंडळाची पायपेटी उघडली. खाऱ्या, दमट हवेने भात्याचे चामडे नेमके घडीवर तडकले होते. ओले बोट जवळ नेले की निसटणारी हवा गार लागत होती.

सरसाने ठिगळ चिकटवताना नळ्यांत हवा सोडून वाजवला जाणारा पाइप ऑर्गन आठवला, कारण त्याच्या विद्युत-वायवीय रचनेत असाच, पण इवलासा भाता प्रत्येक सुराच्या मुळाशी राबत असतो. पट्टी दाबताच 12 ते 15 व्होल्टचा प्रवाह सुरू होतो, विद्युतचुंबक एक बारीक चकती उचलतो, त्या वाटेने भात्यातील हवा बाहेर पडते आणि भोवतालच्या पेटीतील दाबाने भाता मिटताना नळीखालची झडप ओढून उघडतो. विजेने केवळ इशारा करायचा, जोर हवेचाच! तो दाबही बहुधा 75 ते 100 मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढाच असतो. इंग्रज ऑर्गनकार चार्ल्स बार्कर यांनी 1868 मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले. इशारा विजेच्या तारेतून जात असल्यामुळे वादकाला नळ्यांपासून दूर बसता येऊ लागले.

आमच्याकडे मात्र पाय थांबला की सूर थांबला. सरस वाळायला रात्र जाईल. उद्या पुन्हा बोट फिरवून पाहीन.