मामांची पन्नास एमएमची लेन्स आणि बेळगावचा पावसाळा

बेळगावच्या शहापुरातील मामांचा फोटो स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षे लोटली, तरी त्यांचा पेंटॅक्स के-१००० कपाटात चामडी पेटीत तसाच होता. १९७६ मध्ये बाजारात आलेल्या या कॅमेऱ्यात फिल्म घालण्याचा माझा विचार नव्हता. माझे लक्ष होते त्यावरच्या ५० एमएम एफ/२, म्हणजे भरपूर उजेड आत घेणाऱ्या, लेन्सवर. मी संकोचत विचारले, तेव्हा मामा म्हणाले, “घे की, हितं पडून काय करालीय ती?” माझ्याकडे सोनीचा जुना ए-६००० होता आणि त्याच्यासोबत आलेली झूम लेन्स संध्याकाळी घरात फोटो काढताना अगदीच तोकडी पडत असे. नव्या, उजळ प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सची किंमत मला परवडणारी नव्हती. मामांची लेन्स सोनीवर बसवण्यासाठी बाराशे रुपयांचा एक अडॅप्टर मागवला आणि काम सुरू झाले.

हा अडॅप्टर म्हणजे आत काच नसलेले धातूचे पोकळ कडे असते. त्याचे सारे काम अंतर राखण्याचे. फिल्मच्या एसएलआर (आरशातून दृश्य दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरशाला जागा लागे, म्हणून पेंटॅक्सच्या के माउंटमध्ये (लेन्स जिथे बसते त्या कड्यात) माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिलिमीटर ठेवलेले आहे. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्यामुळे हे अंतर केवळ १८ मिलिमीटर आहे आणि उरलेले २७.४६ मिलिमीटर अडॅप्टर भरून काढतो. निकॉनच्या डीएसएलआरचे, म्हणजे आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचे, हेच अंतर ४६.५ मिलिमीटर, म्हणजे पेंटॅक्सपेक्षा जास्त असल्याने तिथे साध्या अडॅप्टरवर दूरचे डोंगर स्पष्ट येत नाहीत. ज्यांच्याकडे निकॉनचा डीएसएलआर आहे, त्यांनी निकॉनच्याच जुन्या मॅन्युअल लेन्स शोधाव्यात, हे उत्तम.

लेन्स आणि कॅमेरा यांच्यात विजेचा संपर्क नसल्यामुळे सुरुवातीला शटरच उघडत नाही. मेनूमध्ये जाऊन ‘रिलीज विदाउट लेन्स’ ही सोय सुरू करावी लागते. त्यानंतर ॲपर्चर (उजेड आत येण्याचे छिद्र) लेन्सच्या कड्यावर आपण ठरवायचे आणि शटरचा वेग कॅमेऱ्यावर सोपवायचा. माझ्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, सेन्सरवर ५० एमएमची लेन्स ७५ एमएमइतकी जवळ आणते. शिवाय माझ्या कॅमेऱ्यात कंप थोपवणारी यंत्रणा नाही, म्हणून शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापेक्षा संथ होणार नाही, याकडे मी लक्ष ठेवतो.

या लेन्सचे खरे मोल मला वडगावात कळले. ओळखीच्या एका विणकर काकूंच्या घरी दोन यंत्रमाग आहेत. ते सुरू असले की जमीन थरथरते आणि शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. छपरातल्या एकाच काचेच्या कौलातून उजेडाचा पट्टा मागावर पडतो. धागा तुटला, माग थांबला आणि काकू वाकून दोन टोके जुळवू लागल्या, तेव्हा मी पाऊण मीटरावर होतो. माझी झूम लेन्स अशा वेळी समोरच्या उभ्या धाग्यांवर फोकस धरून बसायची आणि बोटे धूसर राहायची. इथे मात्र मी व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठे केले आणि फोकसचे कडे हलकेच फिरवत नेले. आधी उभे धागे उमटले, मग ते विरले, मग नखाची कड आली आणि तिच्यामागोमाग ती बारीकशी गाठ. फोकस पीकिंगच्या, म्हणजे स्पष्ट झालेल्या कडांवर कॅमेरा दाखवतो त्या, रंगीत रेषा एफ/२ वर पुरेशा नेमक्या नसतात, म्हणून वेळ मिळेल तिथे मी चित्र मोठे करूनच फोकस करतो. पुढच्या आठवड्यात प्रिंट दिली, तेव्हा काकूंनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, “गाठ दिसालीय की!”

या यशाने मला धीर आला आणि मी हेलिओस ४४-२ ही सोव्हिएत लेन्स साडेचार हजारांना ऑनलाइन मागवली. झाइसच्या बायोटार लेन्सच्या रचनेवर बेतलेली ही ५८ एमएम एफ/२ लेन्स, मागच्या झाडांच्या पानांना भोवऱ्यासारखी फिरवून दाखवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तो भोवरा चित्राच्या कडांशी असतो आणि एपीएस-सी सेन्सर नेमक्या त्या कडाच कापून टाकतो, हे मला नंतर उमगले. त्याहून मोठा घोटाळा निराळाच होता. विक्रेत्याने ‘काच स्वच्छ’ असे लिहिले होते. परंतु ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारली, तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली दिसली. त्याने पैसे परत केले नाहीत. लेन्स उघडून पुसून घेतली, तरी बुरशीने खाल्लेले कोटिंग (काचेवरचा चकाकी रोखणारा पातळ थर) परत येत नाही. राजहंसगडावर मावळतीकडे रोखली की सगळ्या चित्रावर दुधी पडदा चढतो.

म्हणून जुनी लेन्स घेताना टॉर्चच्या उजेडातला फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चित्रात सहसा दिसत नाही. मागच्या काचेवरचा मात्र नडतो. हेलिओसच्या ॲपर्चरच्या पात्यांवर तेल असले तरी फारसे बिघडत नाही, कारण ते हातानेच मिटायचे असते. बुरशी असेल, तर लेन्स कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

आपल्याकडे तर हा प्रश्न दरवर्षीचा आहे. जूनमध्ये पाऊस लागला की भिंतींना ओल येते, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि खानापूर-जांबोटीकडे तर विचारायलाच नको. मी हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवतो. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहील असे पाहतो आणि जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तव्यात परतून कोरडे करतो. दोन्ही लेन्स वेगवेगळ्या डब्यांत आहेत. मामांची चामडी पेटी मात्र रिकामीच कपाटावर ठेवली आहे, कारण चामडे ओल धरते.