चित्रं कंपनीची, पण काढली कोणी?

आज ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचा शेवटचा दिवस होता. तिने विचारलं, "मी काढलेली चित्रं पोर्टफोलिओत टाकू ना?" उत्तर आलं, "ती कंपनीची आहेत." विषय संपला.

मी तिच्या शेजारीच बसायचे. एका चित्रातल्या म्हातारीच्या हातावरच्या शिरा मनासारख्या येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा पुसत होती. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

कॉपीराइट कायदा, १९५७. कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, कंपनीची. मान्य. पण त्याच कायद्यातलं कलम ५७ कुणी सांगत नाही! हक्क दुसऱ्याकडे गेले तरी 'हे मी केलंय' असं म्हणण्याचा अधिकार निर्मात्याचाच राहतो. प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी कामाची मोडतोड झाली, तर दादही मागता येते.

पोर्टफोलिओत टाकायला परवानगी लागते, खरंय. ती द्यायला कंपनीचं काय जातं? एका ओळीचा मेल. मला मनापासून राग आलाय.

नवीन नोकरी धरणाऱ्यांनो, सही करण्याआधीच ही परवानगी लेखी घ्या. आणि घरी, स्वतःच्या वेळात केलेल्या कामाबद्दल नेमणुकीच्या पत्रात काय लिहिलंय, तेही नीट वाचा.